सासऱ्यांचे चारशे अंक: कुठला कुठे जाईल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीची सोसायटी पुनर्विकासाला गेलीय, महिनाअखेर घर रिकामं करायचंय आणि सासऱ्यांच्या माळ्यावर चारशेच्या आसपास अंक निघालेत. साठच्या दशकापासूनचे दिवाळी अंक, 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री'चे गठ्ठे, मुलांचे 'किशोर' आणि 'चांदोबा', दोन खोकी 'नॅशनल जिऑग्राफिक', शिवाय अलीकडची चकचकीत साप्ताहिकं. दोन वाचनालयांनी नको म्हटलं. रद्दीवाला काटा घेऊन यायला तयार आहे, पण सासूबाई म्हणतात, रद्दीत एक कागद जाणार नाही.

मी एका जिल्ह्याच्या गावी वाचनालयात ३१ वर्षं नियतकालिक विभाग सांभाळला. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्यांचे माळे रिकामे करून देते. त्यामुळे आधी त्या दोन वाचनालयांची बाजू सांगते. तुम्ही फोन करून विचारलं असणार, "आमच्याकडे चारशे जुनी मासिकं आहेत, घेता का?" या प्रश्नाला मीसुद्धा ३१ वर्षं नाहीच म्हणत आले. वाचनालयात पुस्तक दाखल नोंदवहीत चढतं, त्याला नंबर मिळतो, कपाटात जागा मिळते. मासिकाचं तसं नसतं. बहुतेक ठिकाणी ते पाहुणं असतं. टेबलावर महिनाभर, मग मागच्या खोलीत दोन-तीन वर्षं, मग रद्दी. जे स्वतःचेच अंक काढतायत ते तुमचे कुठे ठेवणार? कर्मचारी एक, खोली एक आणि वर पावसाळ्यात गळणारा कोपरा.

आता हाच फोन असा करून बघा: "'किर्लोस्कर' १९५८ ते १९६३, नऊ अंक कमी आहेत, बाकी सगळे मुखपृष्ठासह, तुमच्या संग्रहात यातलं काय नाही ते बघाल का?" पलीकडचा माणूस खुर्चीत सरळ बसतो. कारण जुन्या संग्रहालयांना चारशे अंकांची गरज कधीच नसते, पण त्यांच्या फायलीत गेली तीस वर्षं खटकत असलेला जुलै १९६१ चा एकच अंक त्यांना हवा असतो. तो तुमच्या माळ्यावर आहे की नाही, हे त्यांना फोनवर कसं कळणार? तेव्हा पहिलं काम यादी. खोकी भरणं नंतर.

यादी किचकट करू नका. नाव, वर्ष, महिना, मुखपृष्ठ आहे का, पानं पूर्ण आहेत का, एवढं पुरे. तारीख सापडली नाही तर आतल्या पानावर 'वर्ष १७ वे, अंक ४ था' असं काहीतरी असतंच, तेच लिहा. जुन्या अंकांवर कधी नुसता शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पौषाच्या पुढच्या महिन्यांत बहुतेक वेळा ७९. प्रत्येक अंकाचे मोबाइलवर दोन फोटो काढा: मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका. अनुक्रमणिका विसरू नका. अभ्यासक अंक शोधत येत नाहीत, ते एखाद्या लेखकाची पुस्तकात न आलेली कथा शोधत येतात, आणि ती तिथेच सापडते. एकाने पानं उलटायची, एकाने फोटो काढायचे. दोन-तीन संध्याकाळी चारशे अंक होतात.

यादी करताना तुमचं लक्ष सुबक, जाडजूड दिवाळी अंकांकडे जाईल. साहजिक आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तिथपासून मराठी घरांनी दिवाळी अंक जपूनच ठेवलेत. पण म्हणूनच साठ-सत्तरच्या दशकातले नावाजलेले दिवाळी अंक आजही पुष्कळ घरांत आणि संग्रहांत सापडतात. जे कुणीच जपलं नाही ते दुर्मीळ असतं. संस्थांच्या स्मरणिका, ज्ञातिमंडळाच्या पत्रिका, कॉलेजचं वार्षिक, कारखान्याचं कामगारांसाठीचं मासिक, नाट्यस्पर्धेची पुस्तिका. आणि साठच्या दशकातली लघुनियतकालिकं: सायक्लोस्टाइल केलेली, दोन पिना मारलेली, कडेला चहाचा डाग पडलेली. बघताना वाटतं हे आधी टाका. हेच आधी बाजूला ठेवा. सासरे बँकेत, रेल्वेत, गिरणीत कुठे नोकरीला असतील तर तिथली कर्मचारी पत्रिका गठ्ठ्यांत दडलेली असू शकते, नीट बघा.

दुसरी गोष्ट मुखपृष्ठांची, आणि इथे मला माझंच एक पाप सांगायला हवं. आमच्या वाचनालयात दर वर्षी जुन्या मासिकांची बांधणी व्हायची. जागा वाचावी म्हणून बाइंडरला आम्ही सांगून ठेवलं होतं: मुखपृष्ठं काढ, पुढची-मागची जाहिरातींची पानं काढ, मजकूर तेवढा शिव. वीसेक वर्षं हे असंच चाललं, सही माझी. मग एके दिवशी एक मुलगी आली, संशोधन करणारी. विषय होता साबण, केशतेलं आणि शिलाई यंत्रं यांच्या जाहिरातींमधली बाई. मी मोठ्या अभिमानाने चौदा बांधीव खंड तिच्यापुढे ठेवले. तिने एक उघडला, दुसरा उघडला, तिसरा उघडला आणि मग हळूच विचारलं, "बाई, जाहिराती कुठायत?" त्या तिच्या जन्माच्या आधी वखारीत गेल्या होत्या. चौदा खंडांत एक जाहिरात मिळाली, तीही लेखाच्या पाठीवर छापली होती म्हणून वाचलेली. बाइंडरला असंच सांगणारी वाचनालयं आणखीही होती. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं आज मूळ अंकावर पाहायची तर तुमच्यासारख्या घरांतले सुटे अंकच शोधावे लागतात. आणि तीच मुखपृष्ठं कापून फ्रेम करून विकणारे लोक आता वाढलेत. फ्रेम छान दिसते हो, पण मागे उरतो तो बोडका अंक कुणीच घेत नाही. कुणी फक्त मुखपृष्ठं मागितली तर सरळ नाही म्हणा.

आता पत्ते. तुम्ही डोंबिवलीत आहात म्हणजे सगळ्यात जवळ ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ सालचं. मग दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ सालचं. दोन्हीकडे यादी आधी पाठवा, ग्रंथपालांशी बोला, मग जा. गठ्ठा रिक्षात घालून थेट दारात उतरू नका. नाही म्हणणं त्यांनाही जड जातं आणि पायरीवर ठेवून निघून जाणारे लोक त्यांनी पुष्कळ पाहिलेत. इतिहासविषयक त्रैमासिकं किंवा जुनी वार्षिक इतिवृत्तं निघाली तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ. सिनेमाची मासिकं आणि गाण्यांच्या चोपड्या निघाल्या, तर पुण्यातलंच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. ते फक्त रिळं जपत नाहीत, पोस्टरं, पुस्तिका, छायाचित्रंही जपतात. माहेर-सासरकडून कुणी गोव्याचं असेल आणि गोव्यात छापलेलं एखादं जुनं मराठी नियतकालिक हाती लागलं, तर पणजीचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आधी. गोव्यातला अंक मुंबईत ठेवला तर त्याला शोधायला कोण येणार?

'किशोर'ची चिंता करू नका. १९७१ पासून बालभारती तो काढते आणि जुने अंक त्यांनी स्कॅन करून सगळ्यांना मोफत वाचायला ठेवलेत. मजकूर शाबूत आहे म्हटल्यावर कागदाला मोकळं सोडायला हरकत नाही: फाटके-बिटके सगळे जिल्हा परिषदेच्या शाळेला किंवा आश्रमशाळेला. मुलांच्या हातात दोन महिन्यांत त्याचा भुगा होईल. होऊ दे. 'चांदोबा' मात्र संग्राहक विकत घेतात. पैसे हवे असतील तर पन्नास-साठच्या दशकातले वेगळे काढा. नको असतील तर तेही शाळेला द्या, पण वेताळाच्या गोष्टीवरून पोरं भांडतील, तेव्हा सगळे एकाच वर्गाला देऊ नका, प्रत्येक वर्गाला एकेक द्या.

'नॅशनल जिऑग्राफिक'बद्दल स्पष्टच सांगते: कुणालाही नकोत. ज्याच्या घरी आली त्याने कधी टाकली नाहीत, म्हणून ती सगळ्यांकडे आहेत. आम्हाला वर्षाला एक तरी खोकं दान यायचं, पिवळ्या कण्यांची ती भिंत बघून माझ्या पोटात गोळा यायचा. आत घडी घालून ठेवलेले नकाशे तेवढे काढून घ्या, ते भूगोलाच्या शिक्षकांना आवडतात. उरलेली चित्रकलेच्या शिक्षकांना, अंगणवाडीच्या ताईंना. पहिली-दुसरीच्या शिक्षिका चित्रवाचनासाठी कायम चित्रं शोधत असतात: एक बाजार, एक नदी, एक म्हातारा माणूस, आणि मुलांना विचारायचं काय दिसतंय सांग. त्यासाठी याहून चांगली छपाई मिळणार नाही. इथे कात्री खुशाल चालवा.

वृद्धाश्रमांबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, की तिथे ताजे अंक द्यावेत. ताजे कुणी उघडत नाही. मी एकदा सत्तरच्या दशकातले तीसेक दिवाळी अंक एका आश्रमात नेले होते, भीत भीत, की जुनं काय आणलं म्हणतील. संध्याकाळी चहाला एक आजी 'आवाज' घेऊन बसल्या. त्यात खिडकीचित्रं असतात, आपल्याला माहितीच आहेत. पानाला चौकोनी झडप, वरून दिसतं एक आणि झडप उचलली की निघतं भलतंच. आजींनी झडप उचलली, बघितलं, पुन्हा मिटली आणि शेजारच्या आजोबांना म्हणाल्या, "तुम्ही नका बघू." मग काय, अख्ख्या हॉलमध्ये तो अंक फिरला. पण आश्रमात सुटे अंकच न्या. बांधीव खंड म्हाताऱ्या मनगटांना पेलत नाहीत.

अलीकडची चकचकीत साप्ताहिकं केशकर्तनालय, दवाखाना, कुठेही जातील. तो भाग सोपा आहे, त्यावर विचार करत बसू नका.

विकायचंच असेल तर मुंबईत फाउंटनचे फूटपाथवाले आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलचे विक्रेते, पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आसपास चौकशी करा. पण सरसकट ढीग द्याल तर ते वजनाचाच भाव करणार, आणि त्यातले वीस अंक नंतर वेगळे काढून नगावर विकणार. त्यात त्यांची लबाडी नाही, निवडण्याचे कष्ट ते घेतात. ते कष्ट यादी करताना तुम्ही आधीच घेतलेले असतील.

हाताळणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. माळ्यावरच्या अंकांना दोन रोग असतात: गंजलेल्या पिना आणि कागद खाणारी कसर. खाडीकाठच्या दमट हवेत पीन दहा-पंधरा वर्षांत गंजते आणि मधल्या पानांवर तांबूस डाग पसरतो, मग तिथेच कागद तुटतो. पीन पक्कडीने उपटू नका. अंक मधोमध उघडा, पिनेचे वळलेले दोन पाय दिसतील. लोणी लावायच्या बोथट सुरीने एकेक पाय उभा करा. सुरी आणि कागद यांच्यामध्ये जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून ठेवा म्हणजे जोर कागदावर येत नाही. पाय उभे झाले की अंक उलटा करा, कण्याच्या बाजूने पीन हळूच वर येते. त्याच भोकांतून सुती दोरा ओवा, आतून बाहेर, बाहेरून आत, मधे गाठ. पहिल्या अंकाला दहा मिनिटं लागतील, दहाव्याला दोन. सेलोटेप अजिबात नको. पाच-सात वर्षांत ती पिवळी पडते, चिकट उरते आणि खालची अक्षरं घेऊन निघते. फाटलंच असेल तर पातळ कागदाची पट्टी आणि घरची खळ.

कसर, वाळवी किंवा पुस्तकातले किडे जिवंत दिसले तर तो अंक बाकीच्यांत मिसळू नका. प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि फ्रिजच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही; एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर गार कागदावर हवेतलं पाणी जमतं. सासूबाई विचारतील की फ्रीझरमध्ये हे काय. त्यांना सांगा की वेखंडाची पुरचुंडी किडा दूर ठेवते, आत शिरलेल्याला मारत नाही.

चकचकीत कागदाचं एक वेगळंच दुखणं आहे. त्याला पाणी लागलं आणि तो तसाच वाळला की पानं एकमेकांना चिकटून वीट बनते, आणि ती वीट कुणालाही सोडवता येत नाही. माळा गळत असेल तर आधी ते गठ्ठे खाली काढा.

काहीजण सुचवतील, सगळं स्कॅन करून टाका आणि पीडीएफ सगळ्यांना पाठवा. घरापुरतं, आठवणीपुरतं ठीक. पण मासिकातल्या प्रत्येक कथेचा, चित्राचा हक्क ज्याचा त्याचा असतो आणि आपल्या कायद्यात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. साठच्या दशकातल्या अंकांत लिहिणारे बरेच लेखक ऐंशी-नव्वदच्या दशकात गेले. म्हणजे हिशेब अजून पुढचा आहे. आणि मोबाइलने वाकड्या कोनात काढलेल्या पानांसाठी कुणी अंकाचा कणा मोडत असेल तर मला ते बघवत नाही.

एवढं करूनही शंभर-दीडशे अंक उरतील. मुखपृष्ठ नाही, मधली पानं गायब, शब्दकोडी शाईने भरलेली, पाककृती कापून नेलेल्या. ते रद्दीला द्या आणि वाईट वाटून घेऊ नका. सासूबाईंनाही हे सांगायला हवं: त्या कागदाचा पुन्हा कागद होतो. पिना आणि प्लास्टिकचं आवरण चढवलेली मुखपृष्ठं तेवढी वेगळी काढून द्या. त्याआधी घरातल्या कुणाला हौस असेल तर चकचकीत पानांची पाकिटं, लांब तिकोनी पट्ट्या गुंडाळून कागदी मणी, आकाशकंदिलाच्या करंज्या, सगळं होतं. आमच्या लहानपणी रशियातून येणाऱ्या गुळगुळीत मासिकांची कव्हरं वह्यांना घालायचो, गणिताच्या वहीवर ट्रॅक्टर चालवणारी बाई असायची. त्या कागदाला तोड नव्हती. फक्त खायच्या वस्तू त्यात बांधू नका. छापील वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळू नयेत असं एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने, २०१६ मध्ये बजावलंय, आणि मासिकाची शाई काही वेगळी पवित्र नसते.

खोकी लहान घ्या, औषधाच्या दुकानातली. अंकांनी भरलेलं टीव्हीचं खोकं चौथ्या मजल्यावरून उतरवताना दोन हमालांनी माझ्यासमोर खाली ठेवून दिलं होतं. प्रत्येक खोक्यावर ते कुठे जायचं ते लिहा, आत काय आहे ते यादीत आहेच.

आणि यादी करायला बसाल तेव्हा सासूबाईंना शेजारी बसवा. अनुक्रमणिका उघडली की तुम्हाला बहुतेक कथांच्या नावापुढे पेन्सिलीच्या बारीक खुणा दिसतील. त्या पिढीत घरोघरी ही सवय होती, वाचून झालं की टिक. एका कथेपुढे दोन टिका असतील तर ती दोघांनी वाचलेली. दुसरी कुणाची ते त्या सांगतील. असे अंक यादीत वेगळे लिहा; ते कुठे जायचे ते त्यांनाच ठरवू दे.